नाफ्तापुराण

पोट भरण्यासाठी माणसाने असा धंदा निवडावा, की जो भावी सासऱ्याला एका शब्दात सांगता येईल. डॉक्टर, वकील, मास्तर, स्टेशनमास्तर. सांगितलं की संपलं. पुढचा प्रश्न पगाराचा. मला हे साधलं नाही. १९८२ साली मुलगी बघायला गेलो तेव्हा, ‘फोर्टात शेअर दलालाच्या पेढीत आहे,’ एवढं वाक्य मी उच्चारलं आणि सासरेबुवांची चहाची बशी ओठाशी जाता जाता थांबली.

‘म्हणजे सट्टा?’

‘छे छे, सट्टा दुसरे खेळतात. कोणता घोडा पुढे जाईल, तेवढं मी लिहून देतो.’

यामुळे त्यांचं समाधान होईल असं मला का वाटलं, ते आजही सांगता येणार नाही. बशी खाली ठेवली गेली. शेवटी माझे मामा धावून आले. ‘अहो, तो रसायनांचा अभ्यास करतो!’ सासरेबुवांनी मला प्रोफेसर समजून पुढची बोलणी सुरू केली. लग्न त्या गैरसमजावर झालं आणि गैरसमज पक्का असल्यामुळे अजून टिकून आहे.

मामा खोटं बोलले नव्हते. मी खरोखरच रसायनांचा अभ्यास करत होतो. फक्त त्यांच्याकडे बघत नव्हतो. आमच्या धंद्यात प्रत्येकाला एकेक उद्योग नेमून दिलेला असतो. कुणाकडे सिमेंट, कुणाकडे औषधं, कुणाकडे कापड. त्या उद्योगातल्या कंपन्यांचे ताळेबंद वाचायचे, कारखाने बघायचे, पुढच्या वर्षी नफा किती होईल याचा अंदाज बांधायचा, आणि शेवटी तीनपैकी एक शब्द लिहायचा : घ्या, विका किंवा ठेवून द्या. माझ्या वाट्याला पेट्रोरसायनं आली. नेमून दिलेल्या या उद्योगाला बाजारात ‘सेक्टर’ म्हणतात. हा शब्द वाशीत राहणाऱ्याने वापरू नये. ‘मी एक सेक्टर बघतो,’ असं सांगितलं की समोरचा विचारणार, ‘कुठला? नऊ की सतरा? आणि भाव काय चाललाय?’ सिडकोने अख्खं शहरच सेक्टरांत कापून ठेवल्यामुळे आमच्या बिल्डिंगमध्ये बरीच वर्षं मी जागांचा एजंट म्हणून ओळखला जात होतो.

आता या धंद्याचा इतिहास. प्रत्येक धंद्याला एक मूळपुरुष लागतो. न्हावी, शिंपी, सोनार सगळ्यांना संत लाभले आहेत. आम्हाला संत मिळण्याची शक्यता नव्हती. आम्हाला प्रेमचंद रायचंद मिळाले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला. बँका निघाल्या, समुद्र हटवणाऱ्या कंपन्या निघाल्या, पाण्याखाली असलेल्या जमिनीचे शेअर कोरड्या जमिनीपेक्षा महाग विकले गेले. आगबोट धक्क्याला लागण्याआधीच प्रेमचंदशेठ होडी पाठवून विलायतेतल्या कापसाच्या भावाची बातमी मिळवत, असं सांगतात. म्हणजे उद्योग एकच धरायचा, त्याची बातमी इतरांच्या आधी मिळवायची आणि तिच्यावर आडाखा बांधायचा. आमचा अख्खा धंदा त्या होडीत बसलेला आहे. एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आला, युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि १ जुलैला वायदे पुरे करायची वेळ आली तेव्हा निम्मी मुंबई दिवाळखोर निघाली. प्रेमचंदशेठही बुडाले. मात्र युनिव्हर्सिटीला त्यांनी आधीच पैसे दिले होते, त्यातून आईच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. माझ्या ऑफिसातून त्याचे टोले ऐकू येत. अंदाज चुकल्यावरही टॉवर मागे ठेवणारा आमच्या धंद्यात तो एकटाच.

तिकडे अमेरिकेत हेन्री पुअर नावाचे गृहस्थ १८६० पासून रेल्वे कंपन्यांची माहिती गोळा करून छापू लागले. नाव पुअर, आणि काम इतरांना श्रीमंत कसं व्हावं ते सांगण्याचं! या विनोदासाठी मला काही करावं लागलेलं नाही. १९०९ साली जॉन मूडी यांनी रेल्वेच्या कर्जरोख्यांना शाळेतल्यासारखे ग्रेड द्यायला सुरुवात केली. पुढे १९२९ च्या आपटीत बेंजामिन ग्रॅहॅम यांचे हात चांगलेच पोळले आणि १९३४ साली त्यांनी डेव्हिड डॉड यांच्याबरोबर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. शेअर घेण्यापूर्वी कंपनीचे हिशेब वाचावेत, हे त्या ग्रंथाचं सार. एवढी साधी गोष्ट सांगायला शेकडो पानं लागली, कारण ही गोष्ट कुणालाच ऐकायची नव्हती. अजून नसते.

मी नोकरीला लागलो तेव्हा आपल्याकडे या विद्येची फारशी गरजच नव्हती. राज्य परवान्यांचं होतं. किती टन माल काढायचा ते दिल्लीत ठरे. कंपनीने नवा शेअर काय किमतीला विकावा, तेदेखील १९४७ च्या कायद्याने नेमलेला एक अधिकारी ठरवी आणि तो इतकी कमी किंमत ठरवी, की डोळे मिटून अर्ज भरणारा विद्वान ठरे. १९७३ च्या फेरा कायद्यामुळे परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा उतरवावा लागला, तेव्हा हिंदुस्थानातल्या मध्यमवर्गाला शेअर म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं. माझ्याकडे साधनं तीन : कंपन्यांचे वार्षिक अहवाल, नरोत्तम शाह यांनी १९७६ साली काढलेल्या सीएमआयई या संस्थेचे आकड्यांचे ठोकळे, आणि तळमजल्यावरचे अण्णा.

अण्णांकडे वळण्यापूर्वी आमच्या पट्ट्याची ओळख करून द्यायला हवी. नव्या मुंबईत आधी कारखाने आले, शहर मागाहून आलं. १९६२ साली एमआयडीसी निघाली, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने चिमण्या उभ्या राहिल्या. १९६८ साली मफतलालांच्या नोसिलने शेल कंपनीच्या साहाय्याने तिथे नाफ्ता फोडायचा कारखाना सुरू केला. सिडकोचा जन्म मार्च १९७० चा. तोवर तिथे इथिलीन निघूही लागलं होतं.

नाफ्ता म्हणजे रिफायनरीत खनिज तेलातून निघणारा, पेट्रोलसारखा पातळ पदार्थ. तो वाफेबरोबर आठशे अंशांच्या वर तापवला की डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याचे तुकडे होतात. इथिलीन, प्रॉपिलीन वगैरे. तीन टन नाफ्ता घातला तर कसंबसं टनभर इथिलीन हाती लागतं. त्यातून पॉलिथीन, पीव्हीसी, आणि शेवटी आमच्या घरातली न्हाणीघरातली बादली. नाफ्ता केवढ्याला पडला आणि बादलीचा माल केवढ्याला गेला, यातली तफावत हाच आमचा वेद. ती वाढली की घ्या, आटली की विका. बाकी सगळी टीका आणि भाष्य.

ही तफावत ऑफिसात बसून कळत नसे. मग मी मंडईत जाऊन बादल्यांचे भाव विचारू लागलो. घ्यायची नाही, नुसता भाव. दर महिन्याला. बादलीवाल्याने एकदा बायकोला बाजूला घेऊन विचारलं, ‘वैनी, साहेबांना काय होतंय?’ त्या दिवशी तिने एक बादली विकत घेतली, अब्रूखातर. तशा सात झाल्या. शिवाय गच्चीवर जाऊन चिमणीची ज्वाळा बघायची. कारखान्यात काही बिनसलं की जादा वायू त्या उंच नळीतून जाळून टाकतात. ज्वाळा मोठी म्हणजे माल वाया, माल वाया म्हणजे नफा कमी. शेजारीपाजारी कोजागिरीला चंद्र बघत आणि मी उत्तरेकडे तोंड करून उभा.

आता अण्णा. पट्ट्यातल्याच एका कारखान्यात ते ऑपरेटर होते. नाव सांगत नाही. कारखान्याचंही नाही आणि अण्णांचंही नाही. मला ते ‘शेअरबाजार’ अशी हाक मारत. तिसऱ्या पाळीहून परत आले की जिन्यात गाठ पडे. ‘काय शेअरबाजार, यंदा शटडाऊन लांबलाय बरं का. भट्टीच्या नळ्या मिळत नाहीत.’ एवढ्यावर माझं तिमाहीचं भाकीत तयार. आज हे असं ऐकून लिहिलं तर सेबीची नोटीस येईल; आतली बातमी वापरू नये असा नियम १९९२ साली झाला. त्यापूर्वी याला शेजारधर्म म्हणत.

माझ्या अहवालात काय नव्हतं, ते सांगितलं पाहिजे. डिसेंबर १९८४ च्या पहिल्या आठवड्यात भोपाळ घडलं. युनियन कार्बाइडबद्दल बाजारात छापलेले जुने अहवाल मी काढून बघितले. विक्री, नफा, लाभांश, विस्तार. गॅस सुटला तर, या प्रश्नाला रकाना नव्हता. माझ्या अहवालांतही नव्हता, आणि आमच्या गच्चीवरून तर सगळा पट्टा दिसत होता. त्याच वर्षी जानेवारीत उरणकडे दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, गोळीबारात पाच माणसं गेली. त्यातूनच पुढे विकसित जमिनीचा काही भाग मूळ मालकांना परत द्यायची साडेबारा टक्क्यांची योजना आली. मी हा आकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो व्याजदर वाटला. माझ्या अहवालात त्या जमिनीविषयी एक शब्द असे : ‘भाडेपट्टा’.

बाकी चुका किरकोळ. ऑगस्ट १९९० मध्ये सद्दाम हुसेन कुवेतमध्ये घुसले, त्याच्या पंधरा दिवस आधी मी नाफ्ता स्वस्त होणार असं लिहिलं होतं. जुलै १९८९ मध्ये पाताळगंगेला पूर येऊन रिलायन्सच्या कारखान्यात पाणी शिरलं, तेव्हा शेठ मला म्हणाले, ‘पाऊस का नाय लिहिला तू?’ त्या वर्षापासून मी पाऊस लिहू लागलो.

१९९१ नंतर जगच पालटलं. परवाने गेले, किंमत ठरवणारा अधिकारी गेला, परदेशी गुंतवणूकदार आले. १९९२ मध्ये तर एका दलालाने सिद्धान्तच मांडला : कंपनीचा नफा कशाला बघता, तसा कारखाना आज नव्याने उभारायचा झाला तर खर्च किती येईल ते बघा! त्या हिशेबाने काही शे रुपयांचा एसीसीचा शेअर दहा हजारांच्या घरात पोचला. सिमेंट बघणारा माझा सहकारी रोज सकाळी आपला अंदाज फाडून नवा लिही. एप्रिलात सुचेता दलाल यांची बातमी आली आणि सिद्धान्तासकट सगळं खाली आलं. त्याच मे महिन्यात वाशीला लोकल सुरू झाली. तोवर बसने खाडीपूल ओलांडून मानखुर्द गाठावं लागे. बाजार कोसळण्याचा आणि बसायला जागा मिळण्याचा योग एकाच वेळी आला.

पण आमच्या पट्ट्याचं खरं मरण जकातीत होतं. १९९१ साली आयात जकातीचा कमाल दर दीडशे टक्के होता. १९९५ पर्यंत तो पन्नासवर आला. बाहेरचा माल दारात आला. आणि घरातलंच बघा : चेंबूरला युनियन कार्बाइडचा पहिला क्रॅकर वर्षाला वीस हजार टन इथिलीनचा, नोसिलचा साठ हजारांचा, बडोद्याला आयपीसीएलचा एक लाख तीस हजारांचा. आणि १९९७ च्या सुमारास हजीऱ्याला रिलायन्सचा, साडेसात लाख टनांचा. हे चार आकडे एकाखाली एक मांडले आणि मला घाम फुटला. त्यात आशियाई देशांची चलनं घसरली, मालाचे भाव कोसळले. ताळेबंद न उघडताही कळत होतं, की आमच्या गच्चीवरून दिसणाऱ्या ज्वाळा आता फार दिवस दिसणार नाहीत.

मी अण्णांच्या कंपनीवर अहवाल लिहिला. सतरा पानं. आयुष्यात मी लिहिलेली तेवढीच सतरा पानं मला अजून पटतात. शेवटी शब्द लिहिला : ‘विका’.

शेठनी तो वाचला. शेठ माणूस वाईट नव्हता. मुलाच्या मुंजीला पायरी चढून आला होता. ‘भाई,’ ते म्हणाले, ‘बाजूच्या खोलीत काय चाललाय तुला ठाऊक आहे ना?’ ठाऊक होतं. बाजूच्या खोलीत त्याच कंपनीसाठी पैसे उभारायचं काम चाललं होतं आणि त्या कामाची दलाली माझ्या दहा वर्षांच्या पगाराएवढी होती. ‘विका कशाला लिहायचा? कंपनीवाल्याला वाईट वाटेल. ठेवून द्या लिही. ठेवून द्या म्हटल्याने कोण मरत नाय.’

सतरा पानं तशीच राहिली. एक शब्द बदलला. खाली सही माझी.

हे दुखणं एकट्या फोर्टाचं नव्हतं, हे मला पुढे कळलं. न्यूयॉर्कचे मोठमोठे विश्लेषक खाजगी पत्रांत ज्या शेअरला कचरा म्हणत, तोच छापील अहवालात घ्या म्हणून सांगत. २००३ साली तिथल्या दहा बड्या पेढ्यांनी सुमारे १४० कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. वाचून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

अहवालाचा सारांश एका वर्तमानपत्रात आला. १९९८ चा मे महिना. अण्णांनी नुकतीच व्हीआरएस घेतली होती. कात्रण हातात घेऊन ते जिन्यात उभे.

‘शेअरबाजार, हे तुमचंच ना?’

‘हो.’

‘ठेवून द्या म्हणताय. म्हणजे पैशाला धोका नाही?’

माझ्या हातात दुधाची पिशवी होती. पॉलिथीनची. मी म्हणालो, ‘तसं म्हणायला हरकत नाही.’

हे आमच्या धंद्यातलं वाक्य. त्याला पुढून बघितलं तर होकार दिसतो, मागून बघितलं तर काहीच दिसत नाही. अण्णा आयुष्यभर व्हॉल्व्ह उघडा की बंद, एवढंच बघत आलेले. त्यांनी ते पुढून बघितलं. शिवाय मी लिहिलं होतं शेअरबद्दल. अण्णांनी ‘ठेवून द्या’ वाचलं आणि व्हीआरएसचे दीड लाख कंपनीत ठेव म्हणून ठेवून दिले. बँकेपेक्षा व्याज जास्त होतं. तीस वर्षं जिथे घाम गाळला तिथेच पैसे, यात त्यांना एक घरोबाही वाटला असावा.

दोन वर्षं व्याजाचे चेक आले. मग यायचे थांबले. मग कंपनीचं पत्र आलं, मग पत्रंही थांबली. अण्णांच्या मुलीचं लग्न दादरच्या हॉलमध्ये ठरलं होतं, ते आमच्या सोसायटीच्या गच्चीवर झालं. मांडव घालायला मी पुढे होतो. पहाटे खांब रोवता रोवता उत्तरेकडे बघितलं, ज्वाळा नव्हती. पुढे बऱ्याच वर्षांनी हप्त्याहप्त्याने काही रक्कम मिळाली, सगळी नाही. अण्णा मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त दर दिवाळीला फराळाचं ताट घेऊन स्वतः वर येतात आणि टीपॉयकडे बोट दाखवून विचारतात, ‘काय, ठेवून देऊ ना?’

बायको म्हणते, त्यात काही टोमणा नाही. तसं म्हणायला हरकत नाही.

मी निवृत्त झालो. पट्टाही बदलला. नोसिल आता रबराला लागणारी रसायनं करते. ऐरोली-घणसोलीला त्याच रस्त्याच्या कडेला काचेच्या इमारती उभ्या आहेत, त्यांच्या आत गारेगार हवेत शेकडो मुलंमुली कॉम्प्युटरपुढे बसून आमचाच धंदा करतात. त्यांतली एक माझी भाची. तिच्याकडे सिमेंट आहे. तिचे साहेब लंडनला; इकडची रात्र तिकडची दुपार. बादलीचा भाव विचारायला ती कुठे जात नाही, सगळं पडद्यावर येतं. ज्वाळा बघायला तर उपग्रह आहेत. आणि आता या धंद्याला परीक्षाही आहे. सेबीने २००६ साली काढलेली संस्था वाशीतच, सेक्टर सतराला होती. पुढे तिचं मोठं आवार पाताळगंगेला झालं. जिथे पूर आला होता त्याच बाजूला. २०१४ साली विश्लेषकांसाठी नियम आले, नोंदणी आली, पेपर आला. मी तीस वर्षं बिनापरीक्षेचा वावरलो, हे भाचीला सांगितल्यापासून ती माझ्याकडे वैदूकडे बघावं तसं बघते.

गेल्या दिवाळीत ती आमच्याकडे बसून पेपराची तयारी करत होती. अण्णा ताट घेऊन आले, टीपॉयवर ठेवलं, चहासाठी बसले.

‘मामा, हा प्रश्न बघ,’ ती म्हणाली. ‘विश्लेषकाच्या पेढीने गेल्या बारा महिन्यांत त्याच कंपनीसाठी भांडवल उभारायचं काम केलं असेल, तर विश्लेषकाने काय करावं?’

मी चकली तोंडात घातली. चकलीने अशा वेळी फार मदत होते.

‘काय करावं?’ अण्णांनी विचारलं.

‘अहवालात तसं छापायला लागतं, आजोबा. सक्तीचंच आहे.’

‘छापतात? कुठे?’

तिने तिच्या ऑफिसातला एक जुना अहवाल पुढे केला. ‘हे बघा. शेवटच्या पानावर.’

अक्षर मुंगीएवढं होतं. अण्णांनी खिशातून चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि वरच्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. वय ऐंशीच्या घरात, पण ऑपरेटरची सवय. एकही ओळ गाळली नाही. चहा दोनदा गरम करावा लागला. शेवटी त्यांनी कागद घडी घालून भाचीला परत दिला.

‘चांगलं आहे,’ ते म्हणाले. ‘आता मराठीत असतं तर आणखी बरं झालं असतं.’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘शेअरबाजार, कप कुठे ठेवू?’